वजन उतरवताना पाणी: किती, केव्हा आणि कुठे फसतं

वजन कमी करायचं म्हणून पाणी वाढवायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी दोन लिटरची बाटली भरून समोर ठेवतात. संध्याकाळपर्यंत ती निम्मीच संपते. उरलेलं पाणी झोपायच्या आधी घटाघटा पिऊन टाकलं जातं आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. चौथ्या दिवशी बाटली कपाटात जाते. म्हणून सुरुवात वहीपासून करावी, बाटलीची वेळ नंतर येते.

पहिले तीन दिवस काहीही बदलायचं नाही. नेहमीसारखं प्यायचं आणि पोटात जाणारा प्रत्येक द्रवपदार्थ लिहायचा: पाणी, चहा, कॉफी, दूध, फळांचा रस, शीतपेय, सूप, मद्य. तीनपैकी एक दिवस सुट्टीचा असावा, कारण त्या दिवशीचं पिणं कामाच्या दिवसापेक्षा हमखास वेगळं असतं. वेळ लिहायची, माप लिहायचं आणि त्यात साखर होती का तेही लिहायचं. नुसतं ‘एक ग्लास’ हे माप धरायचं नाही. रोजचा पेला घ्यायचा, नेहमी भरतो तेवढाच भरायचा आणि मापाच्या कपात ओतून पाहायचं. काठाखाली दोन बोटं जागा सोडायची सवय असेल तर २५० मिलीचा समजला जाणारा पेला १८० मिलीचाही निघू शकतो. मग आठ पेल्यांचे दोन लिटर प्रत्यक्षात दीड लिटरच्याही आतच राहतात. मापाचा कप नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. १ मिली पाण्याचं वजन १ ग्रॅम, इतका सरळ हिशेब.

या वहीतला सर्वात कामाचा रकाना साखरेचा, हे तीन दिवसांत कळतं. नेहमीच्या गोड शीतपेयात १०० मिलीला साधारण १०-११ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम आणि १४० कॅलरी. चहा-कॉफीत कपामागे दोन लहान चमचे साखर जात असेल तर ती ८ ग्रॅम, ३२ कॅलरी. दिवसाला चार कप झाले तर सव्वाशेच्या पुढे. साखर न घातलेला फळांचा रससुद्धा पेल्यामागे शंभरच्या आसपास कॅलरी देतोच. आणि द्रवातून आलेल्या कॅलरींनी पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे पुढचं जेवण त्या प्रमाणात कमी होत नाही. दोन कॅनच्या जागी साधं पाणी आलं तर रोजच्या २८० कॅलरी वाचतात, महिन्याला ८,४०० च्या आसपास. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. प्रत्यक्षात वजन या हिशेबाइतकं काटेकोर उतरत नाही, कारण कुठेतरी थोडं जास्त खाल्लं जातं आणि उतरलेल्या वजनाच्या शरीराला ऊर्जाही कमी लागते. तरी पाण्यामुळे वजन उतरतं असं म्हणतात त्यातला सगळ्यात मोठा वाटा इथला आहे, असं माझं ठाम मत. ज्यांच्या वहीत साखरेचा रकाना रिकामा आहे, त्यांनी पाण्याकडून अपेक्षा बेताच्याच ठेवाव्यात.

पाणी चरबी जाळतं, ही मात्र अफवाच म्हणावी लागेल. तिचं मूळ एका खऱ्या प्रयोगात आहे. बर्लिनच्या संशोधकांनी २००३ मध्ये ५०० मिली पाणी प्यायल्यावर चयापचयाचा वेग काही काळ ३० टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं. २००६ मध्ये दुसऱ्या गटाने तशीच चाचणी केली तेव्हा साध्या तापमानाच्या पाण्याने तसं काही झालं नाही. अगदी थंडगार पाण्याने तासभर जेमतेम साडेचार टक्के वाढ दिसली. साधं गणित करून पाहा: ५ अंशांचं अर्धा लिटर पाणी ३७ अंशांपर्यंत तापवायला १६ कॅलरी लागतात. दिवसभरात असं दोन लिटर बर्फाळ पाणी प्यायलं तरी ६४. तेवढ्यासाठी दात शिवशिवून घ्यायची गरज नाही. गरम पाण्याचंही तेच. ते चरबी ‘वितळवत’ नाही. ज्या तापमानाचं पाणी सहज पिऊन होतं, ते आपलं.

आता एकूण किती? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये दिलेला आकडा प्रौढ स्त्रियांसाठी २ लिटर आणि पुरुषांसाठी २.५ लिटर आहे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये अनुक्रमे २.७ आणि ३.७ लिटर सांगितले. दोन्हीकडे हा आकडा एकूण पाण्याचा आहे. अन्नातलं पाणी त्यात धरलेलं आहे आणि चहा, दूध, कॉफीसुद्धा. अन्नातून साधारण पाचवा हिस्सा येतो, फळं-भाज्या भरपूर असतील तर त्याहून जास्त. आठ पेल्यांच्या नियमाचं मूळ बहुतेकदा १९४५ च्या अमेरिकी शिफारशीत दाखवलं जातं. तिथे अडीच लिटर म्हटलं होतं खरं, पण त्यातलं बरंचसं पाणी तयार अन्नातच असतं, असं तिथेच पुढे लिहिलेलं होतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं.

वजनावरून काढायचं सूत्रही सर्रास सांगितलं जातं: किलोमागे ३० ते ३५ मिली. सडपातळ माणसाला ते ठीक बसतं. वजन जास्त असणाऱ्याला, म्हणजे नेमकं ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्याला, ते फसवतं. ११० किलोला ३५ ने गुणलं की ३,८५० मिली येतात. पण स्नायूंत पाऊण भाग पाणी असतं आणि चरबीच्या पेशीजालात त्याच्या मानाने फारच थोडं. चरबीचे जादा ३०-४० किलो तेवढं पाणी मागतच नाहीत. शिवाय इतकं पाणी प्यायच्या नादात माणूस आठवड्यात वैतागतो. वहीतला रोजचा सरासरी आकडा घ्यावा, तो दीड लिटरच्या खाली असेल तर आठवड्याला २५० मिलीने वाढवत न्यावा आणि लघवी फिकट पिवळी दिसू लागली की थांबावं.

लघवीचा रंग पाहतानाही एक गंमत होते. कमोडमधल्या पाण्यात मिसळल्यावर गडद लघवीही फिकट दिसते आणि सगळं आलबेल वाटतं. रंग धारेचा पाहावा, किंवा एकदा पारदर्शक भांड्यात थोडी घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरावी. फिकट पिवळा रंग हवा. गडद, मधासारखा झाला असेल तर पाणी कमी पडतंय. दिवसभर पाण्यासारखी रंगहीन असेल तर गरजेपेक्षा जास्त होतंय. त्याचं कौतुक करू नये. सकाळची पहिली लघवी नेहमीच गडद असते, ती हिशेबात धरू नये. जीवनसत्त्व ब गटाची गोळी घेतली असेल तर पुढचे काही तास रंग झगझगीत पिवळा येतो, बीट खाल्लं तर काहींना गुलाबीसर. त्या दिवशी ही खूण बाद.

आता या सगळ्यातला गाभा: जेवणाआधीचं पाणी. दिवसाच्या एकूण लिटरपेक्षा पाण्याची वेळ महत्त्वाची आहे, आणि त्याला चाचण्यांचा आधारही आहे. २०१० साली अमेरिकेत ५५ ते ७५ वयाच्या लोकांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. दोन्ही गटांना कमी कॅलरींचा आहार होता, एका गटाने प्रत्येक मुख्य जेवणाआधी ५०० मिली पाणी प्यायलं. त्यांचं वजन सुमारे २ किलो जास्त उतरलं. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये ८४ जणांवर अशीच चाचणी झाली. जेवणाआधी अर्धा तास ५०० मिली, आणि दुसऱ्या गटाला सांगितलं होतं की जेवणाआधी पोट भरलंय अशी कल्पना करा. फरक १.३ किलोच्या आसपास आला. त्यातही तिन्ही जेवणांआधी पाणी पिणाऱ्यांचं वजन ४.३ किलोने उतरलं आणि एकदाच पिणाऱ्यांचं किंवा न पिणाऱ्यांचं अवघं ०.८ ने. अर्थात तिन्ही वेळा पाळणारा माणूस बाकीच्या गोष्टीही पाळत असणार, त्यामुळे सगळं श्रेय पाण्याला देता येत नाही. तरी फुकटातल्या उपायाला एवढं फळ वाईट नाही.

करायचं कसं? पहिल्या आठवड्यात ५०० च्या वाटेला जाऊ नये. २०० ते २५० मिली, फक्त एका जेवणाआधी. न्याहारी सगळ्यात सोपी, कारण तिची वेळ बहुधा ठरलेली असते आणि उठल्यावर तहानही असते. दुसऱ्या आठवड्यात तेवढंच दोन जेवणांआधी, तिसऱ्यात तिन्ही. मग हळूहळू ५०० पर्यंत, तेही सहन होत असेल तरच. पाणी पाच ते दहा मिनिटांत, घोट घोट घ्यायचं. एका दमात अर्धा लिटर ढोसलं की हवाही गिळली जाते, पोट डब्ब होतं, ढेकरा येतात आणि जेवताना मळमळतं. ज्यांना आम्लपित्ताचा, छातीत जळजळीचा त्रास आहे त्यांना भरलेल्या पोटावर जेवण घेतलं की हमखास वर येतं. त्यांनी २५० वरच थांबावं आणि मधे पुरती तीस मिनिटं सोडावीत.

सगळ्यात जास्त गडबड घड्याळाने होते. दुपारी एकला जेवायचं म्हणून साडेबाराचा गजर लावला, तेवढ्यात काम आलं आणि जेवण दोनवर गेलं. साधं पाणी पोटात फार टिकत नाही. तासाभरात बहुतेक पुढे सरकलेलं असतं, तेव्हा त्या पाण्याचा जेवणावर काही परिणाम उरत नाही. म्हणून गजराऐवजी पाणी एखाद्या कृतीला बांधावं: स्वयंपाक गरम करायला ठेवला की पेला हातात, किंवा डबा बाहेर काढला की आधी पाणी, नंतर झाकण. दहा-पंधरा मिनिटांचं अंतर मिळालं तरी चालतं. अर्धा तास हा चाचणीतला आकडा आहे. दोन-पाच मिनिटं इकडेतिकडे झाली म्हणून पाणी टाळू नये.

दुसरी गडबड ताटाची. पाणी प्यायल्यावर भूक थोडी उतरते, पण ताट आधीच नेहमीएवढं वाढून ठेवलेलं असेल तर ते सवयीने संपतंच. ताट पाणी पिऊन झाल्यावर वाढावं आणि पहिल्यांदा नेहमीच्या तीन चतुर्थांश वाढावं. हवं असेल तर पुन्हा घेता येतं. हे केलं नाही तर जेवणाआधीचं पाणी म्हणजे नुसता लघवीचा फेरा. तरुणांमध्ये या पाण्याने जेवण कमी होण्याचा परिणाम पन्नाशी-साठीच्या लोकांइतका खात्रीचा दिसत नाही, म्हणून त्यांनी तर ताटाकडे जास्तच लक्ष द्यावं.

जेवताना पाणी प्यायल्याने पाचकरस पातळ होऊन पचन बिघडतं, या भीतीत तथ्य नाही. जठर आपलं आम्ल गरजेप्रमाणे स्रवत राहतं. माझी हरकत वेगळी आहे. नीट न चावलेला घास पाण्याने खाली ढकलायची सवय लागली की जेवण दहा मिनिटांत उरकतं आणि पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत दुसऱ्यांदा वाढून घेतलं जातं. घास गिळून झाल्यावर घोट घ्यावा, घासाबरोबर नाही.

पहिले आठ-दहा दिवस लघवीच्या फेऱ्या वाढतात. हळूहळू वाढवलं असेल तर हा त्रास सोसण्याइतका राहतो. पाण्याचा मोठा भाग दुपारपर्यंत संपवावा आणि झोपण्याआधी दोन तास फक्त तहानेपुरते घोट घ्यावेत. हे ज्याने पाळलं नाही त्याची झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक वाढते. म्हणजे पाण्याने कमावलेलं झोपेत गेलं. बाटली वापरायची तर अर्ध्या लिटरची बरी. तिला तीन रबरबँड लावावेत आणि एकेकदा रिकामी झाली की एकेक काढावा. बाटली पूर्ण संपल्याशिवाय भरायची नाही, हा एकच नियम. अर्धवट बाटली वरचेवर भरत राहिलं की दिवसाअखेरीस किती प्यायलो ते कुणालाच सांगता येत नाही.

वजनकाटा या काळात बराच छळतो. ५०० मिली पाणी पिऊन लगेच काट्यावर उभं राहा, अर्धा किलो वाढलेलं दिसेल. ते वजन खरं आहे, चरबी मात्र नाही. खारट जेवणानंतर शरीर पाणी धरून ठेवतं, मासिक पाळीच्या आधी धरतं, जोरदार व्यायामानंतर दुखावलेल्या स्नायूंत धरतं. याउलट आहारातली पिष्टमय पदार्थांची मात्रा एकदम घटवली की ग्लायकोजन, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, संपतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबरचं सुमारे तीन ग्रॅम पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यातले झटपट उतरलेले दोन किलो बहुतांशी तेच असतात. म्हणून वजन सकाळी उठल्यावर, लघवी झाल्यावर, पाणी पिण्याआधी, सारख्याच कपड्यांत करावं आणि सात दिवसांची सरासरी काढून मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. रोजच्या आकड्यावर आनंदही नको, उपासही नको.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. जेवण कमी केलं की जेवणातून येणारं पाणीही कमी होतं. त्यातच आहारात तंतुमय पदार्थ वाढवले आणि पाणी तेवढंच ठेवलं, तर बद्धकोष्ठ ठरलेलं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोकं जड होणं, पोट साफ न होणं, उठून उभं राहिल्यावर भोवळ येणं अशा तक्रारी येतात. आधी पाणी आणि तंतूंचं गणित तपासावं. पिष्टमय पदार्थ फार घटवले असतील तर पाण्याबरोबर मीठही शरीरातून जातं, तेव्हा नुसतं पाणी वाढवून भोवळ जात नाही. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावं.

व्यायामाच्या दिवशी अंदाजापेक्षा मोजमाप बरं. व्यायामाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. ७०० ग्रॅम कमी भरलं आणि मधे ३०० मिली प्यायलेलं असेल तर घाम साधारण एक लिटर गेला. राहिलेली तूट पुढच्या काही तासांत थोडी थोडी भरून काढायची. वजन उलट वाढलेलं दिसलं तर घामापेक्षा जास्त पाणी प्यायलं गेलंय, आणि ही चांगली बातमी नाही.

कारण जास्त पाण्याचाही धोका खरा आहे. मूत्रपिंडं तासाला साधारण ८०० मिली ते एक लिटरच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पीत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, पुढे झटके येणं आणि जीव जाणं इथपर्यंत हे जाऊ शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांचं सोडियम या रेषेखाली होतं, आणि त्याचा सर्वात जवळचा संबंध शर्यतीदरम्यान वजन वाढण्याशी, म्हणजे अतिपाण्याशी आढळला. जोरजोरात पाणी पिण्याच्या पैजा आणि ‘दिवसाला एक गॅलन’ (सुमारे पावणेचार लिटर) सारखी आव्हानं यांच्यापासून लांब राहावं.

हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा जुना आजार असेल तर पाण्याची मर्यादा डॉक्टरच ठरवतात. तिथे वर लिहिलेलं काहीच लागू नाही. लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गटातल्या गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधं सोडियम कमी करू शकतात, त्या घेणाऱ्यांनी पाणी वाढवण्याआधी विचारून घ्यावं. उतारवयात तहानेची जाणीवच बोथट होते, तेव्हा ‘तहान नाही म्हणजे गरज नाही’ हे त्यांना लागू पडत नाही. आणि पाणी मुद्दाम न वाढवताच तहान सतत लागत असेल, लघवीला वारंवार जावं लागत असेल, वजनही आपोआप घटत असेल तर खूश न होता रक्तातली साखर तपासून घ्यावी.

१२ आठवडे झाले की तिन्ही जेवणांआधीचा पेला पाळणं बहुतेकांना जड जातं, विशेषतः प्रवासात आणि बैठकांच्या दिवशी. अशा वेळी सर्वात मोठ्या जेवणाआधीचा एक पेला कायम ठेवावा आणि गोड पेयांच्या जागी आलेलं पाणी तसंच राहू द्यावं. वजन तीन-चार आठवडे एकाच जागी अडलं असेल तर पाणी आणखी वाढवून ते हलत नाही. वही पुन्हा उघडायची आणि या वेळी पेयांबरोबर ताटातलंही लिहायचं.